जंतूंची लस आणि आमचा गोऱ्हा

सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझा मोठा भाऊ नागपूरला शिकत होता. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन त्याला शिकायला पाठवलं आणि तो शिकला काय, तर जंतू! आई हे ज्याला त्याला सांगून हसायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत जऊळक्याच्या स्टेशनवर गाडीतून उतरून तो घरी आला आणि ओट्यावर बसून त्याने ही नवलाई सांगितली.

"परदेशात विषानूच्या अंगरख्याचा नकाशा काढून जंतूच्या पोटात टाकून राह्यले. जंतू मंग नुसते अंगरखे शिवत बसते. ते रिकामे अंगरखे ढोराले टोचले का त्याचं आंग चोराले वयखाले शिकते, अन् खुद्द चोर, म्हंजे विषानू, आत येतच नाई. लाळ्या-खुरकुताची लस अशी बनते का, ते पाहून राह्यले."

"अन् हे जंतू कुठचे?" बाबांनी विचारलं.

"मानसाच्या आतड्यातले."

ही लस यायला कैक वर्षं लागतील, असंही तो म्हणाला. ते मात्र कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्याच दिवशी गावात दोन पक्ष पडले. एकाचे पुढारी बाबा. ते जन्मभर दुसऱ्याच्या बैलांमागे चालले होते. आमच्या गाईचा गोऱ्हा हा घरचा पहिला बैल होणार होता. त्याला साधीसुधी लस कशी चालेल? दुसऱ्या पक्षाचे पुढारी आमचे शेजारचे शेतकरी. आम्हाला प्यायचं पाणी ते अजून वरूनच ओंजळीत ओतायचे. "गायमायच्या आंगात मानसाच्या आतड्यातली घान? माह्या गोठ्यात नाई चालनार!" ते गरजले. जी लस अजून कुठल्याच बाटलीत नव्हती, तिच्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं.

भाऊ मित्राच्या लग्नाला कारंज्याला गेला आणि नेमका तेव्हाच ढोरांचा सरकारी डॉक्टर बर्फाच्या डब्यात खरीखुरी लस घेऊन आला. शेजाऱ्यांना वाटलं, हीच ती घाण. त्यांनी गोठ्याचं फाटक लावून घेतलं. बाबांनी विचारलं, "जुनीच हाय का?" डॉक्टर हो म्हणाला.

"मंग राहू द्या. आमच्या गोऱ्ह्याले नवी लागन."

डॉक्टर बिचारा बर्फ वितळायच्या आत पुढच्या गावाला गेला.

खुरकुताने कोणाचा पक्ष विचारला नाही. दोन्ही गोठ्यांत ढोरं लाळ गाळू लागली. मोठी जनावरं लंगडत का होईना, वाचली. गोऱ्हा मात्र आजारी गाईचं दूध पीत राहिला आणि एका सकाळी उठलाच नाही. शेजारी त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले आणि लग्नाहून परतलेल्या भावाला हळूच म्हणाले, "कायच्याबी जंतूची असो बापू, पन कवा येते ते लस?" भाऊ फावडं घेऊन बाबांच्या मदतीला गेला. मला सगळ्यांचा संताप आला होता, बाबांचा तर फारच. पण गोऱ्ह्यासाठी खड्डा खणणाऱ्या बाबांकडे पाहून तो टिकला नाही.

डॉक्टर पुन्हा आला तेव्हा गाय घेऊन बाबा सगळ्यांच्या आधी हजर. त्या भल्या माणसाला काही माहीत नव्हतं. सुई भरता भरता तो हसून म्हणाला, "जुनीच हाय बुवा, चालन ना? अन् तुमचा तो नव्या लशीवाला गोऱ्हा कुठं हाय? आना त्यालेबी."

बाबांनी गाईची शिंगं घट्ट धरली.

"टोचा सायेब," ते म्हणाले, "हे एकलीच हाय."