डॉक्टरचं लिटरभर दूध

शालिकरामभाऊंच्या गोठ्यात रेडकू आडवं पडलं होतं. वीस-बावीस दिवसांचं, नर. डोळे खोल गेलेले, बरगड्या एकेक दिसत होत्या. मी पापणी ओढून पाहिली. पांढरीफटक. थर्मामीटर लावला. अंग थंड पडत चाललं होतं.

"डॉक्टरसायेब, एक सुई मारून द्या त्याले," शालिकरामभाऊ म्हणाले. "अजून आठ-दहा दिस काढले पाह्यजे यानं."

"आठ-दहाच काऊन?"

ते हसले. "तुमाले काय सांगा लागते, जी?"

खरंच सांगायची गरज नव्हती. मी पशुधन पर्यवेक्षक आहे. डोणगावच्या आसपासची गावं माझ्याकडे आहेत. लोक डॉक्टर म्हणतात, आणि मी आता दुरुस्त करत नाही. एकवीस वर्षं हेच काम करतोय.

म्हशीला पान्हा सुटावा लागतो, म्हणजे दूध सडांत उतरावं लागतं. पिल्लू ढुसण्या देतं, चार घोट पितं, तेव्हा ते उतरतं. मग पिल्लाला ओढून खुंट्याला बांधायचं आणि धार काढायची. काही आठवड्यांनी म्हैस सरकीच्या ढेपेच्या घमेल्यावरच पान्हा सोडायला शिकते. तोवर पिल्लू जगलं पाहिजे. मादी असेल तर तिला पुढेही दूध मिळतं, कारण ती उद्याची म्हैस. नराला मिळत नाही. ट्रॅक्टर आला आणि हेल्याला, म्हणजे रेड्याला, काम उरलं नाही. त्याला कोणी मारत नाही. त्याच्या वाट्याचं रोज थोडं थोडं कमी होत जातं, एवढंच.

अशी पिल्लं मेली की मी रजिस्टरमध्ये कारण लिहायचो, 'जंत व अशक्तपणा'. ते खोटं नव्हतं. जंत असायचेच, अशक्तपणाही असायचा. किती वेळा लिहिलं, ते मागची पानं उलटून मी कधी पाहिलं नाही. पाहायची भीती वाटते. आणि या रेडकाची तर सुरुवातच माझ्या हातची होती. कृत्रिम रेतन मीच केलं होतं. म्हैस गाभण राहिली तेव्हा महिन्याच्या रिपोर्टमध्ये ते माझं चांगलं काम म्हणून गेलं होतं.

मी सलाईन लावत होतो, तेवढ्यात कांतावहिनी, शालिकरामभाऊंच्या घरच्या, चहा घेऊन आल्या. दुसऱ्या हातात दुधानं भरलेली माझी किटली होती. आमच्याकडे जनावरांचा डॉक्टर आला की चहा होतो आणि जाताना त्याची किटली भरून देतात. लिटरभर. डॉक्टर मागत नाही आणि नाहीही म्हणत नाही. वहिनींनी किटली माझ्या गाडीच्या हँडलला अडकवली.

"ताकदच नाही उरली याच्यात," मी म्हणालो. बोलताना नजर गाडीकडे गेली. ती ताकद माझ्याच हँडलला लटकत होती. इतकी वर्षं ती तशीच लटकत माझ्या घरी जात होती.

"वहिनी, घरात बाटली हाय का? हे दूध त्यालेच पाजा."

"हे? हे त तुमचं हाय, भाऊजी."

"माझंच हाय ना? मंग मी कोणालेही देईन."

"बाप्पा!" शालिकरामभाऊ म्हणाले. "डॉक्टर हेला दत्तक घेऊन राह्यले काय?"

"मी आता रोज येतो. आलो का किटली भरसान ना?"

"भरा त लागन."

"मंग ती रोज यालेच."

शालिकरामभाऊंनी किटली हँडलवरून काढून वहिनींकडे दिली. रेडकाला जास्तीचं दूध पाजा, असं मी सांगितलं असतं तर त्यांनी हो म्हणून सोडून दिलं असतं. डॉक्टरच्या किटलीला नाही म्हणणं मात्र त्यांना जमेना. गावात काय तोंड दाखवणार?

पहिल्या दिवशी रेडकाला चोखताही येत नव्हतं. मी बोट चोखायला देऊन गालातून थोडं थोडं दूध सोडलं. तिसऱ्या दिवशी ते उभं राहिलं, आणि लगेच पडलं. पाचव्या दिवशी माझी गाडी वाजली की ओरडायला लागलं. पारावरचे लोक विचारायचे, "डॉक्टर, पोरगं कसं हाय?" मी म्हणायचो, "हाव, बरं हाय."

आठवड्यानंतर आमच्या खात्याच्या साहेबांनी ऑफिसात बोलावलं. "रोज एकाच गावाला व्हिजिट? कशाचा उपचार चाललाय?"

"भुकेचा, साहेब."

"असा कॉलम नाही आपल्याकडे."

"'इतर'मध्ये टाकतो."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "टाका," म्हणाले. तेही याच खात्यात मुरलेले.

घरी दूध येईना. बाकीच्या गावांतही मी किटली न्यायची बंद केली होती. बायको म्हणाली, "अहो, म्हशींच्या डॉक्टरच्या घरात कोरा चहा? लोक हसतील."

"हसू दे. माझ्यापुरतं विकतही आणू नकोस."

दही, ताक, तूप, कढी सगळं सुटलं. जड जाईल असं वाटलं होतं. पण ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी यांत दूध होतं कुठे? ताटातलं फार थोडं कमी झालं. सणाच्या पुरणपोळीवर तूप नव्हतं तेव्हा मात्र हात थबकला. महिनाभरात लक्षात आलं की जेवल्यावर पोट फुगत नाही. मेहकरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठेपणी पुष्कळांना दूध पचत नाही, तुम्ही त्यांतले असाल. वर्षानुवर्षं मी उशाशी ॲसिडिटीच्या गोळ्या ठेवून झोपत होतो. वजन उतरलं, दुपारची सुस्ती गेली. बी-ट्वेल्व्हची गोळी तेवढी घ्यावी लागते. ती न चुकता घेतो.

पण खरा फायदा वेगळा आहे, आणि तो तपासणीच्या कागदावर येत नाही. गोठ्यात शिरताना माझी मान पूर्वी खाली असायची. ती खाली असते हेसुद्धा मला ती वर आल्यावर कळलं.

रेडकू जगलं. चारा खाऊ लागलं, अंगावर चमक आली. मग एक दिवस गेलो तर खुंटा रिकामा.

"इकलं," शालिकरामभाऊ म्हणाले. "बजारात नेलं होतं."

"कोणाले?"

"बजारात असं कोणी इचारते काय, सायेब?"

आवाजात खोच नव्हती. उलट थोडी लाज होती. कांतावहिनी आत निघून गेल्या. मला राग आला, पण कोणावर काढणार? लिटरभर दुधात मी त्याला चार महिने मिळवून दिले होते. त्यापुढे त्याला ठेवायला जागा कोणाकडेच नव्हती. माझ्याकडेही नव्हती.

जरा वेळानं ते म्हणाले, "ते दुसरी म्हैस माजावर आली हाय. भरून देता का?"

माझं तेच काम आहे. मी गाडीवरची रेतनाची पेटी काढली आणि हात धुतले.

"भाऊ, नर झाला त?" मी विचारलं.

त्यांनी रिकाम्या खुंट्याचं दावं सोडून गुंडाळलं. मग म्हणाले, "राहू द्या मंग या खेपीले. पाहू पुढच्या माजाले."

मी पेटी बंद केली. त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये माझं एक काम कमी भरलं आणि साहेबांनी कारण विचारलं. मालकानं विचार केला, असं सांगितलं. त्यालाही कॉलम नव्हता.