गोपालचा रँक वर का गेला नाही

गोपालला जाऊन आज वर्ष झालं, आणि त्याच्या आईकडे त्याचा आवाजच नव्हता.

फोन चिखली रोडवरच्या अपघातात त्याच्यासोबतच गेला. व्हॉइस मेसेज पाठवायचा आळस, सगळं टाइप करायचा. एका नातेवाइकाच्या लग्नाच्या व्हिडिओत हा नाचतोय आणि आवाज डीजेचा.

काकू, म्हणजे त्याची आई, मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाल्या, "त्याचं बोलणं कसं होतं, ते इसरून चालली मी."

मी रविवारी उंद्रीला, त्याच्या गावी गेलो.

ज्यांना गोपाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवसा शेती, संध्याकाळी आमच्या ऑनलाइन टीमचा सगळ्यात भारी प्लेयर. आणि गेमिंगमधल्या प्रत्येक गोष्टीवर मत, न विचारता.

गेम कंपन्या अर्धवट गेम विकतात आणि मग महिनाभर अपडेट पाठवतात, यावर तो म्हणायचा की कच्चं वरण वाढून फोडणी मागून आणून देतो म्हणणारे लोक आहेत हे.

पैसे देऊन बंदुकीला सोनेरी रंग घेणाऱ्यांना तो माणसात धरत नव्हता.

पीसीच्या कॅबिनेटमधल्या रंगीत लाईटला त्याने ठेवलेलं नाव वरात.

ग्राफिक्स कार्ड जुनंच. घरात कापूस भरला की पंख्यात रुई जायची, ती तो फवारणीच्या ब्लोअरने काढायचा. हे मी कोणाला सुचवत नाही.

एका दसऱ्याला काकूंनी ट्रॅक्टरसोबत पीसीचीही पूजा केली. झेंडूचा हार नेमका पंख्यावर. पीसी तापून बंद, आम्ही मॅच हरलो. याने हार काढून फेकला नाही, मॉनिटरवर टांगला.

आणि क्लाउडवर काही ठेवायचा नाही. "त्यायच्या घरात आपलं सामान काऊन ठेवाचं बे?"

म्हणूनच मला आशा होती. गेममध्ये चीटिंग करणाऱ्या हॅकर लोकांविरुद्ध पुरावा पाहिजे म्हणून तो प्रत्येक मॅच रेकॉर्ड करायचा, माइकसकट. सगळं घरच्या हार्डडिस्कवर.

काकूंनी पीसीवर चादर टाकून ठेवली होती. कोणी हात लावला तर गोपालचं सगळं पुसून जाईल, ही भीती. मलाही त्यांनी दोनदा विचारलं, नीट करशील ना.

बटण दाबलं. पंखे फिरले, स्क्रीन काळी.

मी कॅबिनेट उघडलं.

रॅम काढली, खोडरबरने घासली, परत बसवली. सुरू झाला.

पहिलीच क्लिप लावली. "अबे डाव्या बाजूनं ये ना, तिकडं काय लग्न हाय का?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मग रडल्या. मग म्हणाल्या, लाव अजून.

आता एक सांगायचं राहिलं. गोपालचा रँक कधीच वर गेला नाही. ऐन रंगात आलेली मॅच सोडून जायचा. जाताना एकच वाक्य, "लाईट गेली बे, इन्व्हर्टर दम तोडून राह्यला." आम्ही मग उंद्रीच्या लाईटला मनसोक्त शिव्या द्यायचो. आमच्याकडे हे कारण कोणीही डोळे झाकून मानतं.

पुढच्या क्लिपमध्ये तेच वाक्य आलं.

पण त्याच्या आधी, मागून, स्वयंपाकघरातून काकूंची हाक होती. "गोपाल, जेवाले ये."

मग त्याचं आम्हाला लाईट गेली म्हणणं. हेडफोन काढून ठेवल्याचा आवाज. आणि कूलर घरघरत चालूच. कूलर इन्व्हर्टरवर नव्हता.

"आलो वं माय."

दुसरी क्लिप लावली, तिसरी लावली. हाक, लाईट गेली, कूलर चालू.

इतकी वर्षं हा माणूस आम्हाला येड्यात काढत होता.

मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना वाटायचं गेम संपायची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ एकच आहे. मग विचारलं, "मधातून उठलं त काय होते?"

मी म्हणालो, टीम हरते. उठणाऱ्याचा रँक कापतात. कधी कधी काही दिवस खेळूच देत नाहीत.

काकूंनी स्क्रीनकडे बघितलं.

"मले एकडाव सांगतलं असतं त मी थांबली असती ना रे. भाकर काय, परत गरम झाली असती."

सगळ्या क्लिप त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिल्या आहेत.

गोपाल, रामराम घे. आमच्यातलं कोणीच तुझ्यावर चिडलेलं नाही.