फारुक मिस्त्री मागच्या सीटवर

भवानीनगरला कारखान्याच्या रस्त्यावर फारुक मिस्त्रींचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. हात चांगला, बोलणं कमी आणि सांगितलेल्या वेळेला गाडी तयार, एवढ्यावर त्यांचा धंदा आजवर नीट चालला. फक्त उसाचा हंगाम त्यांना आवडत नसे. उसाच्या ट्रॉल्यांना धडकलेल्या गाड्या त्यांच्याकडंच येत, आणि वाकलेलं हँडल सरळ करताना त्यांच्या डोळ्यांपुढं गाडीवरचा माणूस उभा राही.

यंदा त्यांची मुलगी मुबशिरा बारामतीच्या कॉलेजात बीएस्सीला गेली. एसटी भवानीनगरला पोचायच्या आधीच भरलेली असे. थांबली तर थांबली. वडापची जीप सगळ्या सीटा भरल्याशिवाय हलत नसे. शिवाय स्टँडवरून कॉलेजपर्यंतची पायपीट वेगळीच. सकाळचं प्रॅक्टिकल सारखं बुडू लागलं. दिवाळीनंतर सरांनी बजावलं, आता आणखी बुडालं तर परीक्षेला बसता येणार नाही.

"तिला स्कूटी द्या," सायराबानू नवऱ्याला म्हणाल्या. "लायसन काढलंय, गाडी दारात उभी हाय."

"हंगाम संपू दे."

"तवर परीक्षा होऊन जाईल. पोरीला काय नुसता डबा खायला पाठवायची का कॉलेजात?"

 दोन दिवसांनी मिस्त्रींनी स्कूटीचे ब्रेक बदलले, टायर नवे घातले आणि मुलीला सांगितलं, "आठवडाभर मी मागं बसणार. मला पटलं तर गाडी तुझी. न्हाईतर हंगाम संपस्तोवर एसटी."

सोमवारी सकाळी बापलेक निघाले, तेव्हा दूध घालून परतणारा कुंडलिक रस्त्यात थांबला. "मिस्त्री, या वयात ॲडमिशन मिळाली म्हणायची!"

"व्हय. फी तू भर."

कारखान्यावर ऊस टाकून शेताकडं परतणारा रिकामा ट्रॅक्टर चांगलाच पळतो. असाच एक, दोन ट्रॉल्यांचा, त्यांच्या पुढं होता. समोरचा रस्ता मोकळा बघून मुबशिरानं गाडी बाहेर काढली. मागची ट्रॉली सरली, पुढचीच्या शेजारी मात्र स्कूटी अडकल्यासारखी झाली. एवढ्यात समोरून टेम्पो दिसला.

"पीळ की मूठ! पुढं काढ!"

"पिळलीय अब्बा! जातच न्हाय!"

तिनं मूठ सोडली, बेतानं ब्रेक दाबला आणि ट्रॉल्यांच्या मागं येऊन आपली बाजू धरली. टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेला. पुढं कॉलेज येईपर्यंत तिनं कोणालाच ओलांडलं नाही.  मूठ पूर्ण का फिरत नव्हती हे मिस्त्रींना माहीत होतं.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी स्टँडला लागताच त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, मूठ उघडली आणि आतला एक जाड वॉशर बाहेर काढला. दोन-तीन पोरं आपापल्या गाड्या लावता लावता बघत राहिली.

"हे काय?" मुबशिरानं विचारलं.

"मूठ अर्ध्याच्या वर फिरू ने म्हणून मीच घातला हुता. म्हटलं, पळवाय नको."

मुबशिराचा चेहरा लाल झाला. "मला सांगायचं तरी! माहीत असतं तर मी गाडी बाहेरच काढली नसती."

"चुकलं माझं."

अब्बांच्या तोंडून हे शब्द तिनं कधी ऐकले नव्हते.  मिस्त्रींनी मूठ परत बसवली, दोनदा पूर्ण पिळून पाहिली आणि किल्ली तिच्या हातात दिली.

"मी घाबरून पुढं काढ म्हणून वरडत हुतो," ते म्हणाले. "तू ऐकलं न्हाईस, त्ये बरं केलंस. संध्याकाळी एकटी ये."

"आणि आठवडा?"

"झाला आठवडा. जा, प्रॅक्टिकल बुडंल."

संध्याकाळी स्कूटी गॅरेजसमोर थांबली तेव्हा मिस्त्री एका मोटरसायकलला चेन बसवत होते.

"ट्रॉल्या लागल्या?"

"लई. एकीलाच मागं टाकली."

"बरं," म्हणून त्यांनी चाक फिरवून चेनचा ताण बघितला.