डावीकडची रांग

दिघ्यात क्रांती गमरेच्या दुकानाला नाव आहे, पाटीही आहे, पण ते नाव कुणी घेत नाही. पॅनकार्ड काढायचंय, मुलीचा प्रवेश घ्यायचाय, लाइटबिलावरचं नाव बदलायचंय, तर शेजारीपाजारी एवढंच सांगतात, "बाईंकडं जा." इलठणपाड्याकडे चढणाऱ्या रस्त्यावरचा हा एवढासा गाळा. आत एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्सचं मशीन, गिऱ्हाइकांसाठी एक बाक आणि खुर्चीत बाई.

बाई मूळच्या महाडकडच्या. लग्न होऊन अंकुशबरोबर दिघ्याला आल्या, ठाण्याला जाऊन टायपिंग शिकल्या आणि कोर्टाबाहेरच्या झाडाखाली मराठी मशीनवर प्रतिज्ञापत्रं बडवू लागल्या. पुढे मशीनं भंगारात गेली. बरोबरीच्या बायका घरी बसल्या. क्रांतीबाई बसल्या नाहीत, कॉम्प्युटर शिकल्या. अंकुश एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. मुलगी मैत्री खारघरला कॉलेजात आणि तिथेच होस्टेलला.

ऑनलाइन अर्जाचं सगळं झालं, फोटो चिकटला, सही चढली, की शेवटी एक चौकट उगवते. तिच्यात नऊ चित्रं. ज्या चित्रांत बस आहे ती निवडा, म्हणते. नाहीतर सिग्नल निवडा, पूल निवडा, जिने निवडा. बरोबर निवडलं की अर्ज पुढे सरकतो. सुंदराबाई नावाची एक म्हातारी निराधार पेन्शनच्या अर्जासाठी आली होती, तिने हे पाहून विचारलं, "ह्ये काय चित्रं दाखवायलंय गं?"

"आजी, मशीन विचारतंय, की समोर माणूस बसलाय का दुसरं मशीनच बसलंय."

"आन् मशीनला काय करायचंय? त्याला कोन इचारलं, तू कोन हायस म्हनून?"

बाक हसला, बाईही हसल्या. पण त्यांना ती चित्रं मनातून आवडायची. कुठल्या कुठल्या परदेशातले ते रस्ते, रुंद आणि स्वच्छ, आणि त्यांवर माणूस म्हणून दिसायचं नाही. सिग्नलचा नुसता खांब दिसत असेल तर तो धरायचा की सोडायचा, फूटपाथवरचा आग विझवायचा लाल बुटका नळ कसा ओळखायचा, हे बाईंच्या हाताला ठाऊक झालं होतं. गिऱ्हाईक चष्मा शोधेपर्यंत या टिचकी मारून मोकळ्या.

त्या हिवाळ्यात हे बिनसलं. शिष्यवृत्तीच्या अर्जांचा हंगाम होता आणि बाकावर बसायला जागा नव्हती. बाई चित्रं निवडायच्या, चौकट म्हणायची, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा निवडायच्या, पुन्हा तेच. चार-सहा वेळा चुकलं की साइट बाहेरच काढायची आणि अर्ज पहिल्यापासून भरावा लागायचा. एक बाप लेकीला घेऊन बराच वेळ बसला होता. शेवटी तो नाइलाजाने उठला. "बाई, राग मानू नका, खालच्या दुकानात बघतो." इतक्या वर्षांत बाईंकडून कुणी असं उठून गेलं नव्हतं.

बाईंनी माउस बदलला. स्क्रीन ओल्या फडक्याने पुसली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मा नाकावर वरखाली करून पाहिला. मग सगळा राग इंटरनेटवर काढला आणि केतनला फोन लावला. केतन त्या भागात नेटची जोडणी द्यायचा, वायर ओढणं-जोडणं त्याचंच. बायको-पोरांचा धनी, पण बाईंपुढे अजून भाच्यासारखा.

"अरे, नेट आहे का गंमत? एक अर्ज धड जात नाही."

केतन आला, वायर हलवून पाहिली, मग बाईंच्या खुर्चीत बसला. चौकट उगवली. त्याने टकाटका चित्रं दाबली. अर्ज पुढे गेला. दुसरा घेतला, तोही गेला.

"चालतंय की मावशी."

"तू बसलास की बरं चालतं. ऊठ, मी दाखवते."

बाई बसल्या. चौकटीने बस मागितली. बाईंनी मधली बस दाबली, उजवीकडची दाबली आणि पुढचं बटण दाबलं. पुन्हा प्रयत्न करा.

"बघ!" बाई म्हणाल्या.

केतन मागे उभा होता. तो स्क्रीनकडे वाकला. मग म्हणाला, "मावशी, परत करा बरं एकदा."

बाईंनी परत केलं. परत चुकलं.

"मावशी, तुम्ही डावीकडची रांग सोडताय."

"कुठली रांग?"

"ही काय. या तीन खिडक्या. यात पण बस आहे ना. मगाशी पण होती."

बाईंनी मान डावीकडे वळवली. आणि तिथे, त्यांच्या रोजच्या स्क्रीनवर, एक लालभडक बस उभी होती.

"टेन्शनमध्ये राहून गेलं असेल," केतन म्हणाला. "पण डोळे दाखवून घ्या हां मावशी. मस्करी नाही करत." चहा न घेताच तो गेला.

बाईंनी त्या दिवशी दुकान लवकर ओढून घेतलं. घरी येऊन पलंगावर बसल्या आणि मग एकेक गोष्ट आठवायला लागली. दंडावरचं काळंनिळं. दाराची चौकट लागते म्हणून त्या स्वतःलाच धांदरट म्हणायच्या, पण लागायची ती नेहमी डाव्या दंडाला. वाचताना पुढची ओळ सापडायची नाही, म्हणून हल्ली बोट ठेवून वाचत होत्या. ताटात वाढलेली चटणी तशीच राहायची आणि अंकुश म्हणायचा, "आवडत नाय तर घेतेस कशाला?" आणि ठाणे-बेलापूर रोडवर तो टेम्पो. भाजीवाल्या बाईने पदर धरून मागे खेचलं होतं. "मरायचंय का गं?" म्हणून ती ओरडली होती. टेम्पोवालाच बेफाम होता, असं क्रांतीबाई सगळ्यांना सांगत होत्या. तो डावीकडून आला होता.

त्यांनी उजवा डोळा झाकून पाहिलं, मग डावा झाकून पाहिलं. कुठलाही झाका, डावीकडचं जग तसंच अर्धवट. काळोख नाही, धूर नाही. तिथे काही नव्हतंच.

अंकुश दुपारपाळीला निघायच्या तयारीत बूट घालत होता.

"अहो, जरा समोर उभे राहा माझ्या."

"आता? बस चुकेल."

"राहा उभे. मी तुमच्या नाकाकडं बघते. तुम्ही हात वर करा. बाजूला पसरून."

ती थट्टा करत असेल असं वाटून अंकुशने हसत हात वर केले. क्रांतीबाई त्याच्या नाकाकडे बघत राहिल्या. नजर हलवली नाही.

"एकच वर केलात ना?"

अंकुशचं हसू मावळलं. "दोन्ही केलेत," तो म्हणाला. "क्रांती, दोन्ही हात वर आहेत माझे."

त्या दिवशी अंकुश पाळीला गेला नाही. एका पायात बूट तसाच ठेवून तो बायकोशेजारी पलंगावर बसून राहिला. मैत्रीची परीक्षा चालू होती, तिला काही कळवायचं नाही, एवढं मात्र दोघांनी ठरवलं.

ऐरोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टर प्रियदर्शिनी तरुण होत्या आणि घाई करत नव्हत्या. त्यांनी बाईंना एका मशीनपुढे बसवलं, हनुवटी टेकवायला सांगितली. आत पांढरी वाटी आणि तिच्यात लुकलुकणारे ठिपके. ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाईंना वाटलं आपण बरेच दाबले. मग डॉक्टरांनी निघालेला कागद पुढे ठेवला. दोन गोल होते, दोन्हींचा डावा अर्धा भाग काळा.

"काकू, तुमचे डोळे चांगले आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

"मग?"

"डोळे बघतात, पण त्याचा अर्थ मेंदूच्या मागच्या भागात लागतो. तिथे कशाचा तरी दाब येत असावा. आजच एमआरआय करून घेऊ."

"आजच?" अंकुशने विचारलं, आणि त्या 'आजच' मध्येच सगळं आलं.

फोटोत गाठ दिसली. कवटीच्या मागच्या बाजूला, उजवीकडे, मेंदूवरच्या आवरणाला धरून, लिंबाएवढी. मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननी ती पेनाने दाखवली. क्रांतीबाईंनी कोर्टाबाहेर हजारो माणसांचे अर्ज टाइप केले होते. आडवळणाने बोलणं त्यांना जमत नसे.

"कॅन्सर आहे का?"

"दिसण्यावरून वाटत नाही. या जागेच्या अशा गाठी बहुतेक वेळा साध्या निघतात. पण काढून तपासल्याशिवाय मी तुम्हाला शब्द देणार नाही."

"आणि काढली नाही तर?"

"वाढेल. दिसणं अजून कमी होईल, फिट्स येतील. तुम्ही वेळेत आलात. बरीच माणसं पडल्यावर, नाहीतर गाडीखाली आल्यावर येतात. तुमच्या लक्षात कसं आलं?"

क्रांतीबाईंनी चित्रांच्या चौकटीची हकिगत सांगितली. सर्जन ऐकत राहिले. "त्या चौकटीवर मी रोज वैतागतो," ते म्हणाले.

अंकुशच्या कंपनीच्या विम्यात ऑपरेशन बसलं, ती काळजी मिटली. मैत्रीला शेवटचा पेपर झाल्या दिवशी सांगितलं. ती खारघरहून तडक हॉस्पिटलात आली आणि आधी भांडली. "मला का नाही सांगितलं? मी कोण आहे या घरात?" मग आईच्या कुशीत तोंड घालून रडली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "पेपर कसा गेला?"

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने मागचे केस काढले. क्रांतीबाईंना भीती वाटत होती ती मरणाची नाही. आंधळं होऊन जगायची. दुसऱ्याच्या हाताला धरून मोरीपर्यंत जायची. त्या अंकुशला म्हणाल्या, "उद्या मला काही दिसलं नाही, तर दुकान केतनच्या बायकोला चालवायला द्या. शिकलेली आहे. बंद नका ठेवू."

"तू गप," अंकुश म्हणाला.

बाहेरच्या बाकावर बापलेक दिवसभर बसून होते. केतनही येऊन बसला. त्याने आणलेले वडापाव कुणी खाल्ले नाहीत. दुपार कलली तेव्हा सर्जन टोपी काढत बाहेर आले. गाठ सगळीच्या सगळी निघाली होती. बाई शुद्धीवर यायला लागल्या होत्या. अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा गाठीच्या रिपोर्टवर टांगलेला होता.

रिपोर्ट यायला काही दिवस गेले. त्या दिवसांत क्रांतीबाई डोक्याला पट्टी बांधून पडून होत्या आणि अंकुश समोरच्या स्टुलावर. कधीही डोळे उघडले तरी तो तिथेच. एकदा त्या म्हणाल्या, "घरी जाऊन दाढी तरी करा. आजारी तुम्ही दिसताय." तो गेला नाही.

मग एका सकाळी राउंडला आलेल्या सर्जननी दारातूनच सांगितलं, "गमरेबाई, रिपोर्ट आला. साधी गाठ आहे. कॅन्सर नाही."

मैत्रीने टाळी वाजवली. शेजारच्या खाटेवरची अनोळखी बाई म्हणाली, "बरं झालं बाई, बरं झालं." अंकुश खाली कँटीनला गेला, उपमा खाल्ला, इडली खाल्ली, पुन्हा उपमा मागवला, चहा घेतला. वर आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर भिंतीला डोकं टेकून झोपला. तोंड उघडं टाकून, घोरत. येणारेजाणारे बघून हसत होते. मैत्री त्याला उठवायला निघाली, तशी आई म्हणाली, "झोपू दे गं. कधीपासून झोपला नाहीय माणूस."

नजर परतली ती हळूहळू. आधी डावीकडे नुसती हालचाल कळायला लागली, काहीतरी सरकलं असं वाटायचं आणि बाई दचकायच्या. मग रंग आले. मग एका सकाळी घरच्या खिडकीच्या कठड्यावर कबुतर बसलेलं दिसलं आणि ते बघायला मान वळवावी लागली नाही. त्या हाक मारून अंकुशला म्हणाल्या, "अहो, कबुतर!" दिघ्यात कबुतरांची काय वाण आहे? पण तो भाजी चिरता चिरता सुरीसकट धावत आला.

उन्हाळ्यात डॉक्टर प्रियदर्शिनींनी पुन्हा ठिपक्यांच्या मशीनवर बसवलं. कागदावरचे दोन्ही गोल पांढरे निघाले, दोन्हींत खाली डाव्या कोपऱ्यात तेवढा काळा तुकडा राहिला होता.

"हा कदाचित राहील," डॉक्टर म्हणाल्या. "रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवायची, एवढी सवय ठेवा. बाकी दुकान उघडा खुशाल."

"राहू दे तेवढा," बाई म्हणाल्या. "त्याचं काय नाय."

बाहेर आल्या तेव्हा ऊन मी म्हणत होतं. अंकुश रिक्षा बघायला पुढे झाला, तर बाई म्हणाल्या, "रिक्षा नको. आधी मार्केटला चला."

"आता? या उन्हात?"

"बोंबील खायचेत मला. हॉस्पिटलातून आल्यापासून पथ्याचं खाऊन जीभ मेली माझी. आणि तुम्ही आणू नका, तुम्हाला शिळे देतात. मी बघून घेणार."

मग ती दोघं मासळीबाजारात शिरली. क्रांतीबाई प्रत्येक पाटीपुढे थांबल्या, बोंबील उलटेपालटे करून पाहिले, दोन कोळणींशी हुज्जत घातली, तिसरीकडून घेतले. पदराने कपाळाचा घाम पुसला आणि पिशवी अंकुशच्या हातात देत म्हणाल्या, "कोथिंबीर राहिली. चला."