पाट्यांचे बुश आणि बाबांचा जावई

जावयाचा मान मोठा असतो, हे मला मान्य आहे. पण तो गाडीच्या खालपर्यंत पोचावा म्हणजे जरा अतीच झालं.

आमच्या बाबांची पिकअप जुनी. बंदरावरून बाजारात मासळी वाहण्यात तिचं आयुष्य गेलं. बाबांचे गुडघे धरले तेव्हापासून ती मीच चालवते. सकाळी भाट्याला माहेरी यायचं, गाडी काढायची, मासळीचे क्रेट पोचवायचे, गाडी परत अंगणात लावून शहरात आपल्या घरी जायचं. पावसाळा उलटला आणि गाडी मागून खटखटायला लागली. गतिरोधक आला की खट. मी बाबांना रोज सांगत होते. ते रोज नुसतं 'हूं' म्हणत होते.

मग एका रविवारी माझा नवरा माझ्याबरोबर गाडीत बसून आला आणि उतरता उतरता सहज म्हणाला, "मागे काहीतरी वाजतंय."

बाबा खुर्चीतून उठलेच. "वाजतंय ना? जावयबापूंचा कान बघा. पाट्यांचे बुश गेले हायत."

माझे कान इतके दिवस काय करत होते, कोण जाणे.

नवरा देवरूखकडचा, ऑफिसात बसून काम करणारा. माणूस भला आहे, पण पाना आणि पक्कड यातला फरक त्याला आजही विचारून घ्यावा लागतो. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादाचे पाटे असतात, त्यांच्या दोन्ही टोकांना भोक असतं आणि त्या भोकात रबराचा बुश बसवलेला असतो, एवढंही त्याला त्या दिवशीच कळलं. बुश झिजला की लोखंडावर लोखंड आपटतं. मी म्हटलं, गॅरेजला टाकते. बाबा म्हणाले, "नको. घरीच करू. माझ्याच्यानं आता हे शेवटचंच."

 लहानपणी मी गाडीखालून बाहेर आलेले बाबांचे दोन पाय बघत तासन् तास उभी राहायचे. आत काय चाललंय ते त्यांनी कधी बोलावून दाखवलं नाही. आता गाडी माझ्या हातात होती आणि हे शेवटचं काम होतं. मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी त्यांनी माझ्याकडे तोंड करून शिकवावं.

पुढच्या रविवारी काम काढलं. आमच्याकडे जावयाला सासुरवाडीत काम सांगत नाहीत. त्यानं स्वतःचं ताट उचललं तरी आई धावत येते. तेव्हा गाडीखाली मी, आणि बाजूला दोन खुर्च्यांवर बाबा आणि जावई.

"बघा जावयबापू, जांभ्या दगडाच्या चिऱ्यावर गाडी कधी ठेवायची नाय. दिसतो घट्ट, पण वजन आलं की फुटतो. त्यापेक्षा फणसाचे ओंडके बरे."

मी जॅकनं गाडी उचलून ओंडके सरकवले.

"मासळीच्या पाण्यानं बोल्ट गंजलेत. कालपासून डिझेल पाजलंय, म्हणून सुटतायत."

पाजलं मी होतं.

"नव्या बुशाला तेल लावायचं नाय हां. तेल रबराला खातं. साबणाचं पाणी लावायचं."

मी साबणाचं पाणी लावलं. पाना माझ्या हातात आणि शिकवणी त्याला. तो "अस्सं, अस्सं" म्हणत मान डोलवत होता. आईनं त्याला घावणे आणि चहा आणून दिला. माझे हात काळे, म्हणून मला कोणी विचारलंही नाही. गाडीखालून मला आता चार पाय दिसत होते, आणि त्यातले दोन मला मुळीच आवडत नव्हते. मी जळत होते, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली होती, ती पण स्वतःच्या नवऱ्यावर.

जुने बुश ठोकून काढले, नवे दाबून बसवले, बोल्ट घातले. तेवढ्यात बाबा म्हणाले, "शेवटचा हात जावयांचा."

नवरा बाह्या सरसावून वाकला. गाडी अजून ओंडक्यांवर, मागची चाकं लोंबकळलेली. त्यानं सगळे बोल्ट दात ओठ खाऊन आवळले. बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "झकास." कौतुकानं शब्द फुटला नाही, असं मला वाटलं. मी पान्यांची पिशवी जरा आपटूनच ठेवली.

नवरा हात धुवायला मागच्या दारी विहिरीवर गेला आणि आईनं त्याला तिथूनच आत पुन्हा चहाला बसवलं. बाबा खुर्चीवरून उतरले आणि त्या गुडघ्यांनी, चाकाला धरून, माझ्याजवळ जमिनीवर बसले.

"ऐक गो. ते सगळे बोल्ट सोड."

"का?"

"गाडी अधांतरी असताना आवळलं तर रबर तसंच धरून बसतं. खाली टेकली की पिळतं, नि लवकर फाटतं. चाकं भुईवर, वजन पाट्यांवर, मग आवळायचं."

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

"जावयाला चुकलात म्हणून कसं सांगायचं? तू पण सांगू नको."

मी बोल्ट सैल केले, जॅक लावून ओंडके काढले, गाडी टेकवली. मग पुन्हा आवळायला घेतले. शेवटच्या बोल्टाला बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पाना दाबला. "इतकंच. ह्याच्या पुढं नाय." त्या हाताचा जोर बरोबर होता.

जेवताना तळलेला मोठा सरंगा मासा जावयाच्या पानात पडला. दुपारी नवऱ्यानं गाडी चालवून बघितली, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे हौद्यात. आवाज पार गेला होता. बाबा म्हणाले, "जावयांच्या हाताला यश हाय."

आता बाबा गाडीत बसतच नाहीत. नवरा मात्र कधी माझ्याबरोबर असला आणि गतिरोधक आला की सांगतो, "बघ, मी आवळलेले बोल्ट आहेत." दर वेळी माझ्या अगदी ओठावर येतं. पण मी गिअर टाकते आणि गाडी पुढे काढते. बाबांनी फक्त मला शिकवलेलं एवढं एकच आहे, आणि ते मला त्याच्याबरोबर वाटून घ्यायचं नाही.