आठ दिवस चालून बघ, मग पैसे

"इन्फंटाइल पॅरालिसिस," डॉक्टर म्हणाले. मग माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे, वळून त्यांनी मराठीत सांगितलं, "लहान मुलांना होणारा पक्षाघात. हिला पंधराव्या वर्षी झाला, इतकंच. ताप उतरला, पण जाताना उजव्या पायातली शक्ती घेऊन गेला."

मला तो शब्द अण्णांच्या आधी कळला होता, पण मी गप्प राहिले. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी शिस्त होती, आणि मला ती फार सोयीची वाटायची.

हे लिहिते आहे ते ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांच्यासाठी. सुरुवात अगदी साधी होती. चार दिवस ताप, मान अवघडलेली. पाचव्या दिवशी सकाळी खाटेवरून पाय खाली टेकला आणि गुडघा दुसऱ्या कुणाचा असावा तसा मुडपला. पायाला हात लावलेला कळत होता, चिमटा काढला तर दुखत होतं, पण पाय हलत नव्हता.

पुढचे दोन महिने गरम पाण्यात पिळलेल्या कापडाचा शेक आणि मालीश. रात्री पाय लाकडी फळीला बांधून ठेवायचा. ही फळी 'काँट्रॅक्चर' होऊ नये म्हणून. काँट्रॅक्चर म्हणजे गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडून बसणं. डॉक्टरांनी अण्णांना स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपर्यंत ही पायावर उभी राहायला हवी. त्यानंतर गुडघा सरळ होईल याची मी खात्री देत नाही." उभं राहायला 'कॅलिपर' लागणार होतं. पायाच्या दोन्ही बाजूंना पोलादी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला कातड्याचे पट्टे, खाली बूट. स्नायूंना पेलत नाही तो भार पट्ट्या पेलतात. "आणि जखम होऊ द्यायची नाही," ते म्हणाले. "हा पाय थंड असतो, जखम लवकर भरत नाही."

युद्धामुळे विलायती माल येत नव्हता. मुंबईच्या एका कंपनीचा एजंट महिन्यातून एकदा बेळगावच्या एका लॉजवर उतरायचा. आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्यात बेळगुंदी गावचे कल्लाप्पा त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला, गंगूला, मांडीवर घेऊन बसले होते. तिलाही त्याच पावसाळ्यात ताप आला होता. ते आधी आत जाऊन आले.

मग आमची पाळी. एजंटने मला शाळेचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्याने बसायला खुर्ची दिली, मी सवयीने "थँक यू" म्हणाले. त्याने वहीत किंमत लिहिली, दोनशे पंचाहत्तर. निम्मे आगाऊ. एकदा दिलेला माल परत घेणार नाही.

बाहेर कल्लाप्पांनी विचारलं, "आमास्नी दीडशे सांगितलं. तुमास्नी?"

अण्णांनी आकडा सांगितला. कल्लाप्पा हसायलाच लागले. "दीडशेत बैल येतोय की हो. त्यो चार पायावर चालतोय, शिवाय नांगर वडतोय."

अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते, गोष्ट अर्धवट सोडणं त्यांना जमत नसे. ते परत आत गेले. एजंट शांतपणे म्हणाला, "ऐपतीप्रमाणे किंमत असते साहेब. तुमच्याकडून जास्त घेतो म्हणून गरिबाला स्वस्त देता येतं."

"त्याचं बोलणं वाईट नाही," टांग्यात बसल्यावर अण्णा म्हणाले. "पण मग कल्लाप्पांना परवडेल असं तरी सांगायचं. आणि आपली ऐपत त्याने तुझ्या थँक यूवरून मोजली." मला इतकं अपराधी वाटलं की घरी पोचेपर्यंत मी कुठल्याच भाषेत बोलले नाही.

दत्तोबा जीनगरांचं नाव कल्लाप्पांनीच सुचवलं होतं. कॅम्पात त्यांचं दुकान होतं. पलटणीच्या घोड्यांची खोगिरं आणि लगाम ते करत. डॉक्टरांनी दवाखान्यातलं एक जुनं कॅलिपर नमुन्याला दिलं, ते दत्तोबांनी उलटंसुलटं करून बघितलं.

"माणसाचं काम म्या केलेलं न्हाय," ते म्हणाले. "पर कातडं कुठं घासतंय ते मला कळतंय. करून बघूया."

माप मांडीपर्यंत घ्यायचं होतं. मी लाजेने अर्धमेली झाले. दत्तोबांनी ते ओळखलं आणि बायकोला, सुंदराक्कांना, हाक मारली. पडद्यामागे सुंदराक्कांनी सुताने माप घेऊन जागोजाग गाठी मारल्या. "लाजू नगं गं," त्या म्हणाल्या. "पलटणीच्या घोड्या तुझ्यापरास लई लाजत्यात. त्या तर लाथ मारत्यात."

अण्णांनी किंमत विचारली. "पासष्ट," दत्तोबा म्हणाले. पोलाद टांग्याच्या जुन्या स्प्रिंगचं, कातडं नवं, त्यांचे बारा दिवस, सुंदराक्कांचे चार. सगळं त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. गंगूचे साठ, कारण पाय लहान, कातडं कमी. कल्लाप्पांनी तेवढे दोन हप्त्यांत कबूल केले.

अण्णा आगाऊ रक्कम काढायला लागले, तर दत्तोबांनी हात मागे घेतला. "खोगिराचं पैसं आमी आठ दिसांनी घेतो. घोडं आठ दिस रपेटीला जाऊन येऊ दे. पाठ सोलली तर पैसं न्हाय, खोगीर दुरुस्त करायचं, आन् परत आठ दिस. या आक्काला बी त्योच नियम. आठ दिस चालून बघ, मग पैसं."

कॅलिपर घालून मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मला खिडकीबाहेरची जास्वंद वरून दिसली. दोन महिने ती मी खालून बघत होते. आई दारात उभी राहून पदराने डोळे पुसत हसत होती. मी सहा पावलं चालले. दुसऱ्या दिवशी वीस.

तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या आतल्या बाजूला पट्टा काचायला लागला.

मी सांगितलं नाही. माझ्या मनातला हिशेब असा होता की मी सांगितलं तर त्या माणसाला पैसे मिळणार नाहीत. सोळा दिवसांचं काम, युद्धाच्या टंचाईत मिळवलेलं पोलाद. माझ्या थँक यूने एकदा किंमत वाढली होती, आता माझ्या तक्रारीने कुणाचं नुकसान नको. मी रुमालाची घडी करून पट्ट्याखाली सरकवली आणि चालत राहिले.

आठव्या दिवशी दुकानासमोर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. अण्णा पैसे मोजत होते. दत्तोबा माझ्या पायाकडे बघतच नव्हते, तोंडाकडे बघत होते.

"कुठं लागतंय आक्का?"

"कुठंच नाही."

"घोडं खोटं बोलत न्हाय. दुखलं की कान पाडतंय. तुझं कान पडल्यात."

सुंदराक्कांनी पडद्यामागे पट्टा सोडला. रुमाल चिकटला होता. खाली पावलीच्या नाण्याएवढी जखम. अण्णांनी बाहेरून कारण विचारलं, तेव्हा मी पडद्याआडूनच ते सांगितलं.

बाहेरून दत्तोबांचा आवाज आला. ते रागावले होते. "माजी कीव केलीस व्हय? दुरुस्ती किमतीतच धरलीया. तू बोलली न्हाईस तर माजं काम निम्मंच ऱ्हातंय, आन् निम्म्या कामाचं पुरं पैसं मला घ्याया लावत हुतीस."

दिवाळीला चार आठवडे उरले होते. डॉक्टरांनी जखम बघून कॅलिपर काढून ठेवायला सांगितलं आणि पाय पुन्हा फळीला बांधला. मी रोज सकाळी जखमेची कड बघायचे. ती आत सरकायला दोन आठवडे गेले. तोवर दत्तोबांनी पट्टा दोन बोटं खाली घेतला आणि आतून खोगिराखाली घालतात तो मऊ नमदा लावला. घरी आणून देताना फक्त एवढंच म्हणाले, "आता बोलत जा."

मी बोलले. टाच सैल आहे, म्हणाले. वरचं बक्कल टोचतं, म्हणाले. दर वेळी ते खूश झाल्यासारखे दिसायचे.

वसुबारसेच्या दिवशी काठी घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत चालत गेले. त्यांनी कॅलिपर काढून माझा गुडघा हाताने दाबला. तो टेबलाला टेकला. "सरळ," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच अण्णांकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "शाळा कधी सुरू होते तुझी?"

तिथून आम्ही तडक दुकानात गेलो. अण्णांनी शंभराची नोट ठेवली. दत्तोबांनी पस्तीस परत केले.

"खुशीनं देतोय दत्तोबा."

"खुशी हाय न्हवं? मग पेढं आणा." त्यांनी बाकाकडे मान वळवली. तिथे कल्लाप्पा बसले होते आणि गंगूला नवं कॅलिपर चढवलं होतं. "तुमच्याकडनं शंभर घेतलं, तर उद्या येनाऱ्याला किती सांगू?"

अण्णा खरंच पेढे आणायला गेले.

गंगू चार पावलं चालली. "लागतंय का गं?" कल्लाप्पांनी विचारलं. तिने जोरजोरात मान हलवली, नाही. सगळे हसले.

मी मात्र तिच्या कानांकडे बघत होते. काठी टेकत मी बाकापर्यंत गेले, तिच्याजवळ बसले. कुणी विचारल्याशिवाय चारचौघांत मी कधी बोलले नव्हते.

"कुठं लागतंय ते सांग," मी म्हणाले. "दुरुस्ती किमतीतच धरलीय."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दत्तोबांकडे. आणि हळूच घोट्यावर बोट ठेवलं.

दत्तोबांनी खडू उचलला आणि तिथे खूण केली.