विहिरीवरची मरियामाता

कराडजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. थोरला भाऊ सैन्यात गेला आणि पेटीतून परत आला. त्यानंतर एका सकाळी आई विहिरीवरून हसत घरी आली. मरियामाता दिसली म्हणाली, आणि तिच्या पदराआड दादा उभा होता.

गावाला यात काही नवल वाटलं नाही. बायका खण, नारळ, हळदकुंकू घेऊन विहिरीवर यायला लागल्या. शेजारच्या काकी म्हणाल्या, "आवं, देवी तुमास्नी पावली." त्या पाया पडायला वाकल्या की आई संकोचून पाय मागे घ्यायची, पण दादाबद्दल सगळ्यांना भरभरून सांगायची.

मग आमच्या चर्चचे फादर आले. माणूस सज्जन. अशा दर्शनाची चर्च नीट शहानिशा करतं, आणि मान्य केलं तरी ते मानायची सक्ती कुणावर नसते, असं त्यांनी शांतपणे समजावलं. विहिरीवरचं हळदकुंकू बंद करा आणि हे कुणापाशी बोलू नका, एवढंच म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

आईनं त्याच दुपारी विहिरीचा कठडा धुऊन काढला. पुढं तिनं दादाचं नावही कधी काढलं नाही.

गेल्या वर्षी मिरजेच्या दवाखान्यात ती शेवटच्या घटका मोजत होती. ते फादर वारूनही बराच काळ लोटला होता. मी विचारलं, "आई, तवा दादा कसा दिसत होता गं?"

तिचे डोळे भरून आले. ओठ हलले, थांबले.

"फादर नको म्हणालेत," ती म्हणाली.